गिलाव्याखालचा दगड

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जुन्या गावठाणांत काळ्या दगडाची घरे अजून उभी आहेत. वाई-कराडकडे कृष्णेच्या काठाने, जावळी-पाटणकडे डोंगरउतारावर, तर आटपाडी-जतच्या माळावर माळवदाच्या रूपात. मुले पुण्या-मुंबईला गेली तशी यांतली कित्येक घरे बंद पडली. काही बसली. काहींची मात्र डागडुजी झाली. भिंतींना गिलावा आणि रंग लागला, फरशी बसली, न्हाणीघर आत आले आणि मग दारावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी चढली. घेणारे शहरातून गाडी करून येतात. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. नव्या बांधकामावर असे निर्बंध आले की उभ्या असलेल्या जुन्या घराला साहजिकच मोल येते.

हा व्यवहार वरवर पाहता साधा आहे. एकाला पैसा हवा आहे, दुसऱ्याला घर हवे आहे. पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो वकिलाकडे किंवा दलालाकडे नेऊन सुटत नाही. विकणाऱ्याला घराबद्दल जे माहीत आहे, त्यातले किती त्याने घेणाऱ्याला सांगावे? विचारले तरच सांगावे, की न विचारता सांगावे? आणि सांगितल्याने किंमत उतरणार असेल, तर तो तोटा कोणी सोसावा?

आधी हे घर कसे असते ते पाहू. आपल्याकडची जुनी दगडी भिंत दीड-दोन हात जाड असते. ती एकसंध वाटते, पण खेड्यातल्या साध्या घरांत ती बहुधा दोन अंगांची असते. बाहेर एक थर, आत एक थर, मध्ये माती आणि दगडाच्या कपच्यांची भर. दगड मातीत बसवलेले असतात. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड मधूनमधून घातले असतील तर भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ते नसतील तर पावसाचे पाणी आत मुरते, भर फुगते आणि भिंत पोट काढते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसे झोपेतच अशा भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. त्यानंतर जाणकारांनी जो धडा सांगितला तो हाच होता : दोष दगडाचा नव्हता, दगड एकमेकांना बांधलेले नव्हते हा होता. कोयनेच्या परिसरात लहान धक्के आजही बसतात.

उघड्या दगडाच्या भिंतीत हे सारे दिसते. फुगलेला भाग दिसतो, फट दिसते, कोणत्या कोपऱ्यात ओल धरते ते दिसते. वडिलांनी कधीकाळी बसवलेला ठिगळाचा दगडही वेगळ्या रंगाने ओळखू येतो. गिलावा झाला की हे सारे एका दिवसात नाहीसे होते. घर दुरुस्त करणाऱ्याच्या मनात कपट असतेच असे नाही. बहुतेक जण राहण्यासाठीच घर नीट करतात. पण हेतू कोणताही असो, जी गोष्ट आजवर भिंतीवर लिहिलेली होती ती आता फक्त घरमालकाच्या डोक्यात उरते. डागडुजी केलेले घर विकताना प्रश्न अवघड होतो तो याचमुळे. पडके घर स्वतःबद्दल स्वतःच बोलते. सजवलेल्या घराबद्दल मालकालाच बोलावे लागते.

हा प्रश्न नवा नाही. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात नेमके हेच उदाहरण आहे. एक सज्जन माणूस घर विकतो आहे. घर रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजलेले आहे, आणि हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्याने सांगावे का? सिसेरोने दोन तत्त्वज्ञांची मते समोरासमोर ठेवली आहेत. डायोजेनिस म्हणतो, घ्यायची जबरदस्ती तर केली नाही ना? घेणाऱ्याला डोळे आहेत. आपल्याच मालाचे दोष सांगत कोणी दवंडी पिटतो का? अँटिपेटरचे म्हणणे असे की वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे जर पाप आहे, तर जाणूनबुजून माणसाला चुकीच्या सौद्यात ढकलणे हे त्याहून मोठे आहे. सिसेरो शेवटी अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. तो एक बारीक फरकही करतो. प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे. पण ज्या गोष्टीशी समोरच्याचे हित बांधलेले आहे, ती आपल्या फायद्यासाठी त्याला कळू नये असे वाटणे, हे मात्र लपवणेच आहे.

आपल्याकडे, म्हणजे इस्लामी परंपरेत, या वादाला फारशी जागाच ठेवलेली नाही. हदीसमधला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले, मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या व्यापाऱ्याने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. विचारल्यावर त्याने खरेच सांगितले. त्याचा दोष राशीच्या मांडणीत होता. आपल्या गिलाव्याचेही तसेच आहे.

दुसरे उदाहरण जनावराच्या बाजारातले आहे आणि ते खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विकायच्या म्हशीची धार दोन-तीन वेळा चुकवायची, म्हणजे कास तटतटून भरते आणि घेणाऱ्याला ती दुभती वाटते. हदीसमध्ये या युक्तीला स्पष्ट मनाई आहे, आणि फसलेल्या माणसाला जनावर परत करण्याचा हक्क दिला आहे. फिकहच्या ग्रंथांनी पुढे यावरून मोठे शास्त्र उभे केले. सौद्याच्या वेळी न दिसलेला ऐब मागून निघाला तर माल परत करण्याचा जो हक्क मिळतो, त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड दोष न सांगता विकले, घेणारा कोण ते सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी आलेली सारी रक्कम खैरात करून टाकली, असे सांगतात. दोष एका कापडात होता. पण न सांगता घेतलेल्या पैशाची बरकत त्यांना नको होती.

देशाचा कायदाही यात मागे नाही. ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ हे वाक्य दलाल कायद्याच्या थाटात फेकतात. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम वेगळे सांगते. उभयतांत वेगळा करार झालेला नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही लबाडी समजली जाते. तरी प्रत्यक्षात काय होते? खरेदीखत वाचून पाहावे. दस्त, हक्क, मालक, मिळकत, कब्जा, वारस, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि दस्तात सुखाने नांदत आहेत. मिळकत निर्वेध आणि बोजाविरहित असल्याची हमी असते. चतुःसीमा असतात. पण त्याच घराण्यातला ‘ऐब’ हा शब्द मात्र दस्तात शिरत नाही. भिंतीविषयी कोणी काही लिहीत नाही.

आता सांगलीच्या बाजूचे बोलू. इथे दगडी घराचा सर्वांत मोठा छुपा इतिहास पाण्याचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१, तीन मोठे पूर लोकांच्या आठवणीत आहेत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली ती त्याच वेळी. पाणी ओसरल्यावर भिंतींवर मातकट रेघ राहते. ती पहिल्या रंगातच जाते. पण मातीत बांधलेली भिंत आठवडाभर पाण्यात उभी राहिली की तिची आतली भर पूर्वीसारखी राहत नाही. वरून सिमेंटचा गिलावा चढवला तर आतली ओल आतच कोंडते. घर पाहायला लोक उन्हाळ्यात येतात. उन्हाळ्यात घर पाहणाऱ्याला पावसाळा दिसत नाही.

सरकारी नकाशांवर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सिसेरोने याच्याही जवळ जाणारा एक खटला नोंदवला आहे. क्लॉडियस नावाच्या गृहस्थाला घराचा उंच भाग उतरवण्याचा हुकूम झाला होता. त्याने ते न सांगता घर विकून टाकले. हुकूम मग घेणाऱ्याच्या गळ्यात पडला. निवाडा करणाऱ्या मार्कस केटोने विकणाऱ्याला भरपाई द्यायला लावली, कारण विकताना त्याला माहीत होते आणि त्याने सांगितले नाही. पूररेषेच्या आतले घर ‘नदीकाठचे निसर्गरम्य घर’ म्हणून विकणाऱ्याने हा दोन हजार वर्षांपूर्वीचा निवाडा ध्यानात ठेवावा.

इथवर कोणी फारसे वाद घालत नाही. मशिदीत, शाळेत, चहाच्या टपरीवर सगळे माना डोलावतात. खरी अडचण पुढेच आहे आणि ती आमच्या घरातच उभी राहिली, म्हणून लिहितो.

पलूस तालुक्यात नदीपासून थोड्या अंतरावर आमचे दगडी घर आहे. २०१९ मध्ये त्यात पाणी शिरले. पुढे अब्बांनी हौसेने ते नीट केले. गिलावा, फरशी, नवी कौले, सारे काही. अब्बांच्या माघारी तिथे राहणारे कोणी उरले नाही. विकायचे ठरले. वारस अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि दोघी बहिणी. घेणारा पुण्याचा, भला माणूस. उत्तरेकडच्या भिंतीत पाणी किती दिवस होते आणि गिलाव्याखाली ती भिंत कशी आहे, हे त्याला सांगायचे असे आम्ही भावांनी ठरवले. सांगितल्यावर त्याने व्यवहार मोडला नाही, पण किंमत दोन लाख चाळीस हजारांनी खाली आणली.

हिशेब शरीअतप्रमाणे मांडला. अठ्ठेचाळीस हिस्से केले तर अम्मीचे सहा, आम्हा भावांचे चौदा-चौदा, बहिणींचे सात-सात. म्हणजे आमच्या खरे बोलण्याने अम्मीचे तीस हजार गेले आणि प्रत्येक बहिणीचे पस्तीस हजार. धाकटी म्हणाली, “भाईजान, तुमच्या हिश्श्यातले तुम्ही सोडा, कोण नाही म्हणतो? माझ्या हिश्श्यातून सचोटी दाखवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? माझ्या मुलीची फी मी कशातून भरू?”

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा जड वाटतो. इतरांच्या पैशाचा विश्वस्त झालेल्या माणसाला आपल्या सचोटीचा खर्च त्यांच्यावर टाकता येतो का? यतीमांच्या मालाचा सांभाळ करणाऱ्याला कुरआनने किती कडक ताकीद दिली आहे! मग बहिणीच्या पदरचे पस्तीस हजार आपल्या इमानदारीच्या नावाने खर्च करणे, ही अमानतीत खयानत नाही का?

पुष्कळ विचार केल्यावर आम्ही ज्या उत्तराशी आलो ते असे. वारसा हक्काने बहिणीला काय मिळाले? घराचा हिस्सा. कोणत्या घराचा? जे घर प्रत्यक्षात आहे त्याचा. पुरात उभी राहिलेली, आतून सैल झालेली उत्तरेची भिंत असलेल्या घराचा. घेणाऱ्याच्या मनात जे निर्दोष घर होते ते अब्बांच्या मालकीचे कधी नव्हतेच, म्हणून ते कोणाच्या वाट्याला येऊ शकत नाही. ते दोन लाख चाळीस हजार आमचे नव्हते, अम्मीचे नव्हते, बहिणींचे नव्हते. ते घेणाऱ्याच्या खिशात होते आणि तिथेच राहिले. विश्वस्ताने हक्काचे काही गमावले असेल तर त्याने भरून द्यावे. पण जे हक्काचे नव्हते ते न घेतल्याबद्दल त्याच्यावर देणे चढत नाही. गैरसमजाचा वारसा नसतो.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्ही हिशेबात बरोबर आणि नात्यात कोरडे ठरू. उर्दूत आणि दीनच्या भाषेत दोन शब्द आहेत : अदल आणि एहसान. अदल म्हणजे ज्याचे त्याला देणे. एहसान म्हणजे देणे नसतानाही देणे. घेणाऱ्याला खरे सांगणे हा अदल होता, त्यात आम्हाला निवड नव्हती. धाकटीची अडचण मात्र खरी होती, आणि तिथे एहसानला जागा होती. दोघा भावांनी आपल्या हिश्श्यातून भाचीच्या फीची तजवीज केली. पण हे आम्ही ‘नुकसानभरपाई’ म्हणून दिलेले नाही, हे तिलाही सांगितले. तसे म्हटले असते तर खरे बोलणे हेच नुकसान ठरले असते.

यासोबत एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आपल्या समाजात घर विकताना घेणाऱ्यासमोर हात जोडून खरे बोलणारी कितीतरी माणसे घरात बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. ‘माहेर तुटू नये’ म्हणून बहीण सही करते. कुरआनने हिस्से अपूर्णांकांसह ठरवून दिले आहेत, तरी हे होते. भिंतीचा ऐब सांगायचा आणि दस्तातला ऐब झाकायचा, याला इमानदारी म्हणता येणार नाही. ज्याने बहिणीला तिचे सात हिस्से आधी मोजून दिले, त्यालाच तिला वरचे उत्तर देण्याचा अधिकार आहे.

मग सारेच सांगायचे का? नाही. इथेही मर्यादा हवी. गावात कोणी म्हणते, त्या घराला जिन्नाची बाधा आहे. कोणी म्हणते, ते घर कोणाला लाभले नाही. हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर नाही, कारण ते ज्ञान नव्हे, अफवा आहे. आपण का विकतो, आपल्यावर कर्ज किती, हेही घेणाऱ्याला सांगायला आपण बांधलेले नाही. त्याच्या हिताशी त्याचा संबंध नाही. सांगायचे ते तीन कसोट्यांवर उतरणारे : आपल्याला ते खात्रीने माहीत आहे, घेणाऱ्याला ते पाहून कळणार नाही, आणि कळले तर त्याचा निर्णय बदलू शकेल. मुरलेले पाणी, पोट काढलेली भिंत, पूररेषा, सामायिक भिंतीचा वाद, विहिरीचा दुसऱ्याचा वाटा, हे सारे त्यात येते. शेजाऱ्याचा स्वभाव त्यात येत नाही.

शेजाऱ्यावरून एक मुद्दा निघतो. फिकहमध्ये ‘शुफआ’ म्हणून एक हक्क आहे. हनफी मताप्रमाणे लगतच्या शेजाऱ्यालाही खरेदीत पहिला मान असतो. १९६२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारीपणावर आधारलेल्या अशा हक्काला घटनाबाह्य ठरवले. आम्हाला तो निर्णय योग्यच वाटतो. पहिल्या खरेदीचा हक्क हळूहळू ‘परक्याला येऊ न देण्याचा हक्क’ होतो, आणि शहरात नाव ऐकून ज्यांना घर नाकारले जाते त्या आपण लोकांनी तरी गावात ‘आपल्यातल्यालाच विकू’ असा हट्ट धरू नये. पण हक्क गेला तरी त्यामागची अदब शिल्लक ठेवता येते. पाटी लावण्याआधी शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘आम्ही विकतो आहोत’ एवढे सांगावे. ज्यांनी पुरात आपल्या घरातली भांडी आपल्या माडीवर नेऊन ठेवली, त्यांना ती बातमी दलालाकडून कळू नये.

शेवटचा आक्षेप व्यवहारी लोकांचा. असे सगळे सांगत बसलो तर दगडी घरे कोणी घेणारच नाही आणि ती पडून जातील. आमचा अनुभव उलट आहे. ज्याला भिंत कुठे कमजोर आहे हे कळले, तो गवंड्याला बोलावून तिथे गिलावा काढतो, आरपार बांधणारे दगड घालतो, पाण्याला वाट करून देतो. घर वाचते. ज्याला कळले नाही तो दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला गेलेली फट पाहून घाबरतो आणि सारे घर पाडून सिमेंटचे बांधतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न घाबरता तिच्याखाली झोपतो. दोष सांगण्याने घराची किंमत उतरते हे खरे, पण घराचे आयुष्य वाढते तेही त्यानेच.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाज-रोजाबद्दलची नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलची आहे. लिहा, साक्षीदार करा, लहान-मोठे म्हणून टाळू नका, असा तिचा आशय. म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्यांना जुने घर विकायचे आहे त्यांनी साठेखतातच एक कलम घालून घ्यावे : घराचे बांधकाम कशाचे आहे, दुरुस्ती कधी आणि काय केली, पाणी कोणत्या साली कुठवर आले, कोणती भिंत कमजोर आहे. चार ओळींचे काम आहे. वकील हसेल, दलाल नाराज होईल. आमच्या साठेखतात त्या ओळी आहेत, आणि त्यांखाली अम्मीच्या अंगठ्यासह पाचही वारसांची निशाणी आहे. धाकटीनेही सही केली. सही करण्याआधी तिने त्या ओळी मोठ्याने वाचल्या आणि उत्तरेच्या भिंतीपुढे ‘अंदाजे सहा दिवस’ असे लिहिले होते तिथे, आठवून, ‘आठ’ करायला लावले.